टूलकिट कुठलं घ्यायचं? भातगिरणीच्या पावतीवरून सुरू होणारा विचार

(कर्जत-खालापूर भागातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्यानं सॉफ्टवेअर करणाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं आहेत.)

कर्जत, नेरळ, कडाव, खोपोली, चौक अशा सगळ्या बाजूंनी तुम्ही आला आहात. बहुतेकांना पायथन येतं, काहींना जावा येते. कॉलेजात प्रोग्रॅम लिहिला की तो काळ्या पडद्यावर चालतो, आकडे टाका, उत्तर घ्या. पण बाहेरच्या माणसासाठी काही करायचं म्हटलं की त्याला बटणं हवीत, यादी हवी, छपाई हवी. आणि मग पहिला प्रश्न येतो: हे सगळं पडद्यावर काढायला कुठलं टूलकिट घ्यायचं? त्यात तो प्रोग्रॅम विंडोजवर, लिनक्सवर आणि मॅकवरही चालायला हवा असेल तर?

उत्तर म्हणून एक नाव सांगून मी खाली बसू शकतो. पण ते नाव तुमच्या कामाला लागू पडेलच असं नाही. म्हणून आपण एक काम समोर ठेवू आणि त्याच्या अंगानं विचार करू.

समोरचं काम

समजा, कर्जत तालुक्यातल्या एका भातगिरणीला प्रोग्रॅम हवा आहे. आपला भाग भाताचा. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेले वाण, कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४, नावासकट दूरवर गेले आहेत. शेतकरी भात घेऊन येतो. नाव, गाव, वाण, पोती, वजन, भरडाईचा दर, कोंडा-कणी कोणी ठेवायची, हे सगळं लिहायचं आणि पावती द्यायची. पावती मराठीत हवी, कारण ती घरी जाऊन कोणीतरी वाचणार आहे.

गिरणीतला कॉम्प्युटर जुना आहे, बहुधा विंडोज ७ चा. मालकाचा मुलगा हिशेब तपासतो तो घरच्या लॅपटॉपवर, त्यात लिनक्स आहे. पावसाळ्यात वीज जाते, इंटरनेटचा भरवसा नाही. उद्या खोपोलीच्या एखाद्या कारखान्याला गेटवरच्या नोंदींसाठी असंच काही हवं असेल तर तेही याच प्रोग्रॅमवरून करता यावं, अशी तुमची इच्छा आहे.

हे काम डोक्यात ठेवा. पुढचा प्रत्येक मुद्दा आपण याच्यावर घासून बघणार आहोत.

टूलकिट तीन तऱ्हांची

पडद्यावर बटण कोण काढतं, यावरून टूलकिटचे तीन गट पडतात.

पहिला गट बटण स्वतः काढत नाही. विंडोजवर असेल तर विंडोजला सांगतो ‘तुझं बटण दे’, मॅकवर मॅकला सांगतो. डब्ल्यूएक्सविजेट्स हे याचं ठळक उदाहरण. १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी ते सुरू केलं. ऑडॅसिटी, फाइलझिला हे प्रोग्रॅम तुम्ही वापरले असतील, ते यावर उभे राहिले. पायथनमधून ते वापरायला डब्ल्यूएक्सपायथन आहे.

दुसरा गट सगळं स्वतः रंगवतो. प्रणालीकडून फक्त एक मोकळी विंडो घ्यायची आणि आतलं बटण, यादी, सरकपट्टी आपली आपण काढायची. क्यूट या गटातलं. लिहिताना क्यू-टी लिहितात, पण करणारे त्याला ‘क्यूट’ म्हणतात. नॉर्वेतल्या दोघांनी, हावार्ड नूर्ड आणि आयरिक चांबे-एंग यांनी, १९९१ मध्ये काम सुरू केलं आणि १९९५ मध्ये ते लोकांपुढे आलं. जावाचं स्विंग, गुगलचं फ्लटर, पायथनचं किव्ही हीसुद्धा स्वतः रंगवणारी. यातला क्यूट रंगवताना त्या त्या प्रणालीचं रूप बऱ्यापैकी घेतो, किव्ही मात्र सगळीकडे आपल्याच रूपात दिसतं.

तिसरा गट म्हणजे अख्खा ब्राउझरच बरोबर घेऊन येणारा. इलेक्ट्रॉन हे त्याचं नाव. गिटहबनं ॲटम नावाच्या एडिटरसाठी ते केलं, आज व्हीएस कोड त्यावर चालतो. पान वेबसारखं लिहायचं, आत क्रोमियम ते दाखवतं. सोयीचं आहे, पण साध्या प्रोग्रॅमचासुद्धा आकार शंभर एमबीच्या पुढे जातो आणि मेमरीही त्या मानानं लागते.

टीकिंटर कुठे बसतं? ते पायथनच्या बरोबरच येतं. मूळ टीके हे जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलीत टीसीएल या भाषेसाठी केलेलं. विंडोज आणि मॅकवर ते बरीच बटणं प्रणालीकडून घेतं, लिनक्सवर स्वतः काढतं. म्हणजे पहिल्या दोन गटांच्या मध्ये कुठेतरी.

नेरळचा फलाट

आता ‘भाषेसाठी टूलकिट’ यातला ‘भाषेसाठी’ हा शब्द बघू. बहुतेक टूलकिट सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली असतात. तुम्ही पायथनमध्ये लिहिता. मग मध्ये काय होतं?

नेरळचा फलाट आठवा. मुंबईहून येणारी गाडी १,६७६ मिलिमीटरच्या रुळांवर, माथेरानची गाडी ६१० मिलिमीटरच्या. एक गाडी दुसऱ्याच्या रुळावर जाऊच शकत नाही. प्रवाशानं उतरायचं आणि गाडी बदलायची. बाइंडिंग म्हणजे हा फलाट. पायथनमधून निघालेली सूचना तिथे उतरते, सी प्लस प्लसच्या गाडीत बसते आणि पुढे जाते. उत्तर तसंच परत येतं.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, फलाटावर फार ये-जा झाली तर वेळ जातो. पाच हजार पावत्यांची यादी दाखवताना प्रत्येक ओळीसाठी वेगळं विजेट बनवलं तर प्रोग्रॅम रखडतो. सगळा तक्ता एकदम टूलकिटच्या ताब्यात देण्याची सोय असेल तर ती वापरा. क्यूटमध्ये मॉडेल आणि व्ह्यू वेगळे ठेवायची जी पद्धत आहे ती यासाठीच. पडद्यावर जेवढ्या ओळी दिसतात तेवढ्याच ती मागते.

दोन, फलाट कोणीतरी राखावा लागतो. टूलकिट कितीही उत्तम असलं आणि तुमच्या भाषेचं बाइंडिंग सांभाळणारं कोणी नसलं तर तुमची गाडी तिथेच अडते. म्हणून टूलकिटचं नाव किती मोठं आहे ते नंतर बघा. आधी तुमच्या भाषेचं बाइंडिंग शेवटचं कधी सुधारलं गेलं आणि पायथनच्या नव्या आवृत्तीवर ते चालतं का, हे बघा.

‘कर्जत’ नीट दिसतं का?

आता आपल्या कामाचा सगळ्यात नाजूक भाग. इंग्रजी पुस्तकांत टूलकिटच्या तुलनेत हा मुद्दा सहसा नसतो. आपल्याला तो टाळता येत नाही.

‘कर्जत’ हा शब्द घ्या. कॉम्प्युटरच्या पोटात तो पाच खुणांनी साठवला जातो: क, र, हलन्त, ज, त. पायथनला लांबी विचारलीत तर तो पाच सांगेल. डोळ्याला मात्र तीनच अक्षरं दिसतात, आणि र तर ज च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. म्हणजे साठवताना र आधी, दाखवताना ज च्या वर.

आता ‘दहिवली’. हि मधली पहिली वेलांटी साठवताना ह च्या नंतर येते, पण काढायची ह च्या आधी. हा क्रम बदलणं, रफार वर चढवणं, जोडाक्षर जुळवणं, याला शेपिंग म्हणतात. हे काम हार्फबझसारखी लायब्ररी करते. क्यूट ती वापरतो. जीटीके हे काम पँगोकडून करून घेतं आणि पँगोही हार्फबझ वापरतं. लिनक्सवर डब्ल्यूएक्स हे जीटीकेच्या आधारानं चालतं, म्हणून तिथेही मराठी नीट दिसतं.

टीकेची ८.६ ही आवृत्ती विंडोजवर आणि मॅकवर प्रणालीच्या मदतीनं देवनागरी दाखवते. पण लिनक्सवर ती प्रत्येक खूण सुटी सुटी मांडते. मग ‘कर्जत’ मध्ये र चा पाय मोडलेला दिसतो आणि ‘दहिवली’ मधली वेलांटी पुढे सरकून व ला चिकटल्यासारखी दिसते. वाचणारा ‘दहविली’ वाचतो. म्हणजे गिरणीतल्या विंडोजवर तुम्ही तपासलंत, सगळं ठीक होतं, आणि मालकाच्या मुलाच्या लॅपटॉपवर गावाचं नाव बदललं! माहिती बिघडलेली नाही, पण माणसाचा विश्वास जातो.

किव्हीची गोष्ट वेगळी. त्याच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे काही न करता मराठी लिहिलंत तर चौकोन दिसतात. फाँट तुम्ही स्वतः द्यायचा, आणि दिल्यावरही जोडाक्षरं जुळतात का ते तपासायचं.

मराठीच्या स्वतःच्याही काही खोडी आहेत. ‘शेतकऱ्याचे’ मधला अर्धा र रफारासारखा वर जात नाही, आडवा पुढे येतो. त्यासाठी युनिकोडमध्ये वेगळा ऱ वापरावा लागतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून फार जुन्या फाँटमध्ये ते सापडत नाही. म्हणून कुठलंही टूलकिट तपासताना हे सहा शब्द टाकून बघा: कर्जत, दहिवली, शेतकऱ्याचे, ज्ञानेश्वर, श्रीवर्धन, ॲल्युमिनियम. दिसतात कसे ते बघा, टाईप करता येतात का ते बघा, मागे खोडताना काय होतं ते बघा. दाखवणं, टाईप करणं आणि छापणं या तीन वेगळ्या परीक्षा आहेत. एकीत पास झालेलं दुसरीत नापास होऊ शकतं.

छपाईचं म्हणाल तर टीके ८.६ मध्ये छपाईची सोयच नाही. पीडीएफ करून किंवा दुसऱ्या लायब्ररीतून ती करावी लागते. क्यूट आणि डब्ल्यूएक्समध्ये ती आहे. आणि दुकानातला छोटा थर्मल प्रिंटर असेल तर लक्षात ठेवा, अशा बहुतेक प्रिंटरांच्या आत देवनागरी अक्षरं नसतात. पावती आधी चित्र म्हणून तयार करायची आणि ते चित्र प्रिंटरला पाठवायचं. म्हणजे अक्षरं जुळवण्याचं काम पुन्हा तुमच्या टूलकिटवरच येतं.

परवाना: हा विषय वकिलांचा नाही

टूलकिटच्या परवान्यानं मोठमोठे रस्ते बदलले आहेत. जिंप हा चित्रांचा प्रोग्रॅम बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, पीटर मॅटिस आणि स्पेन्सर किंबल यांनी, आधी मोटिफवर लिहिला. मोटिफ तेव्हा विकतचं होतं. शेवटी त्यांनी स्वतःचं टूलकिट केलं, तेच जीटीके. १९९६ मध्ये केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप क्यूटवर सुरू झाला. क्यूटचा त्या वेळचा परवाना पूर्ण मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये दुसऱ्या मंडळींनी जीटीके घेऊन नोम सुरू केला. क्यूट २००० मध्ये जीपीएलखाली आलं, तोपर्यंत दोन घरं झाली होती. ती आजही दोनच आहेत.

आपल्या गिरणीला याचा काय संबंध? पायथनमध्ये क्यूट वापरायची दोन बाइंडिंग आहेत. पायक्यूटी हे जीपीएल किंवा विकतचा परवाना यावर मिळतं. पायसाइड हे एलजीपीएलवरही मिळतं. पायक्यूटी फुकट घेऊन केलेला प्रोग्रॅम तुम्ही गिरणीमालकाला दिलात, तर त्याला सोर्स कोड मिळण्याचा हक्क आहे आणि तो पुढे कोणालाही देण्याचाही. यात वाईट काही नाही. पण तो प्रोग्रॅम बंद ठेवून चार गिरण्यांना विकायचा तुमचा बेत असेल, तर तो बेत आणि हा परवाना जुळत नाही. पायसाइड घेतलंत तर तुमचा कोड बंद ठेवता येतो, मात्र क्यूटचा परवाना बरोबर द्यायचा आणि वापरणाऱ्याला क्यूटची लायब्ररी बदलता येईल असं ठेवायचं. टीके, डब्ल्यूएक्स, इलेक्ट्रॉन आणि फ्लटर यांचे परवाने बंद प्रोग्रॅमला अडवत नाहीत.

हे पहिल्या दिवशी ठरवा. दोन वर्षांनी ठरवायचं म्हटलं तर तोवर हजारो ओळी लिहून झालेल्या असतात.

जुनं यंत्र आणि नवी आवृत्ती

गिरणीतला विंडोज ७ आठवतोय ना? पायथन ३.९ पासून पुढच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत, ३.८ ही शेवटची. क्यूट ६ ला विंडोज १० लागतो, विंडोज ७ साठी क्यूट ५.१५ वर थांबावं लागतं. इलेक्ट्रॉननं २०२३ मध्ये आवृत्ती २३ पासून विंडोज ७ आणि ८ सोडलं. म्हणजे ‘सगळीकडे चालतं’ या वाक्यात ‘सगळीकडे’ म्हणजे नक्की कुठे, ते विचारायचं. आणि अशा वेळी मालकाला नवं यंत्र घ्यायला सांगणं हाही एक प्रामाणिक सल्ला असतो. सुरक्षेच्या दृष्टीनं तोच बरा.

टूलकिटच्या आवृत्त्या बदलतात तेव्हा तुमचाही कोड बदलतो. पायक्यूटी ४ मधली सिग्नल जोडायची जुनी पद्धत पायक्यूटी ५ मध्ये चालत नाही. पायक्यूटी ६ मध्ये नावं पूर्ण लिहावी लागतात.

जवळचं उदाहरण देतो. आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प आहे, केंद्र सरकारच्या पैशातून चालणारा. त्यांची दोन सॉफ्टवेअर बघा. ओस्डॅग हे स्टीलच्या जोडण्यांचं डिझाइन आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकाप्रमाणे करतं. ईसिम हे सर्किटांसाठी आहे. दोन्ही पायथनमध्ये आणि दोन्हींचा चेहरा पायक्यूटीचा. ओस्डॅगमध्ये एका विंडोत फॉर्म आणि शेजारी त्रिमितीत फिरवता येणारी जोडणी असते. असं काम टीकिंटरमध्ये करायला घाम फुटेल. ईसिम आधी पायक्यूटी ४ वर होतं, नंतर ५ वर आणावं लागलं. त्यामागे संस्था आहे, दरवर्षी नवे विद्यार्थी येतात. तुमच्यामागे कोण आहे, हे तुम्ही विचारायचं. कोड मोकळाच असल्यामुळे दोन्ही उघडून बघा, शिकायला फार चांगले आहेत. कोविद गोयल यांचं कॅलिबर हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअरही पायथन आणि क्यूटचंच.

मोठे प्रोग्रॅमसुद्धा टूलकिट बदलतात. व्हीएलसी डब्ल्यूएक्सवरून क्यूटवर आलं, वायरशार्क २०१५ मध्ये जीटीकेवरून क्यूटवर आलं. त्यांना ते जमलं, कारण व्हिडिओ उलगडणं किंवा नेटवर्कची पाकिटं वाचणं हा भाग पडद्यापासून वेगळा लिहिलेला होता. तुम्हीही तसंच करा. भरडाई किती झाली हे काढणारा कोड एका फाइलमध्ये, त्यात टूलकिटचं नावही येता कामा नये. बटणं दुसऱ्या फाइलमध्ये. मग टूलकिट चुकलं तरी अर्धंच घर पाडावं लागेल.

मग गिरणीसाठी काय?

आत्तापर्यंतचं जमवू. इंटरनेट नको, यंत्र जुनं, मराठी दोन प्रणालींवर दाखवायची आणि छापायची, पुढे विकायचा विचार. इलेक्ट्रॉन यंत्राला जड. टीकिंटर लिनक्सवरच्या मराठीत आणि छपाईत अडतं. किव्ही मराठीत मेहनत मागतं. उरतात डब्ल्यूएक्सपायथन आणि पायसाइड. माझा कल पायसाइडकडे जाईल: छपाई, मोठ्या याद्या आणि मराठी तिन्ही जमतात. विंडोज ७ सोडायचा नसेल तर पाचच्या पिढीतलं. पण दोन्हींत एकेक दिवस घालवून हाच एक फॉर्म बनवा आणि गिरणीतल्या त्या यंत्रावर चालवून बघा, मग ठरवा. घरच्या लॅपटॉपवरची परीक्षा धरायची नाही.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : मग टीकिंटर शिकूच नये का?*

जरूर शिका. पायथनबरोबर येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि बटण दाबल्यावर काय होतं ही कल्पना त्यात स्वच्छ कळते. पायथनचा आयडल एडिटर टीकिंटरमध्येच आहे. तुमच्या स्वतःच्या वापराचा, इंग्रजी आकड्यांचा छोटा प्रोग्रॅम असेल तर त्यापुढे जायची गरजही नाही.

*प्रश्न : सरळ वेबसाइट केली तर हा सगळा प्रश्नच मिटत नाही का?*

बराचसा मिटतो, आणि मराठीही ब्राउझर उत्तम दाखवतो. सर्व्हर गिरणीतल्याच यंत्रावर चालवला तर इंटरनेटही लागत नाही. पण मग तो सर्व्हर वीज आल्यावर आपोआप सुरू होतो का, प्रिंटरशी कसा बोलतो, कोणी ब्राउझर बंद केला तर काय, हे प्रश्न येतात. चार यंत्रांवरून एकच नोंदवही बघायची असेल तर मीही वेबच सुचवीन. एकाच टेबलावरचं काम असेल तर डेस्कटॉप सोपा पडतो.

*प्रश्न : प्रोग्रॅम एकदा लिहिला की तिन्ही प्रणालींची फाइल एका ठिकाणी बनवता येते का?*

पायइन्स्टॉलर वापरत असाल तर नाही. ज्या प्रणालीसाठी फाइल हवी त्या प्रणालीवर बसूनच ती बनवावी लागते. म्हणून मॅक जवळ नसेल तर ‘मॅकवरही चालतं’ असं गिऱ्हाइकाला सांगू नका.

*प्रश्न : अंध व्यक्तीला वापरता येईल असं कुठलं?*

चांगला प्रश्न. प्रणालीचीच बटणं वापरणारं टूलकिट इथे पुढे असतं, कारण स्क्रीन रीडरला ती बटणं आधीच ओळखता येतात. एनव्हीडीए हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर स्वतः डब्ल्यूएक्सपायथनमध्ये आहे. क्यूटमध्येही सोय आहे, पण प्रत्येक चित्राच्या बटणाला नाव देणं तुमच्या हातात. टीके ८.६ इथे फार मागे पडतं. तपासायचं असेल तर एनव्हीडीए चालू करा, माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर एक पावती पूर्ण करून बघा.